हप्ता वजा भाडं

कर्ज काढून फ्लॅट घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा, असा बेत घेऊन आलेल्या साहेबांच्या वहीच्या पानावर तीनच आकडे होते. हप्ता ३१,२४०, भाडं १७,०००, करबचत ४,७००. "म्हणजे महिन्याला साडेनऊ हजारच खिशातून जाणार. बरोबर ना, सर?"

पुण्यात वडगाव बुद्रुकचा वन बीएचके, किंमत ४८ लाख. ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ३०,००० नोंदणी फी धरून ५१.६६ लाख. त्यात कर्ज ३६ लाख, साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांचं.

करबचतीवर आधी काट मारली. साहेबांनी नवी करप्रणाली घेतलेली. तिच्यात घरभाड्याचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा कर्जाचं व्याज जितकं जास्त ती रक्कम, पगारातून वजा होत नाही. ऑफिसातल्या कुणाचा तरी जुना हिशेब उचललेला दिसत होता.

मग भाडं अकराच महिन्यांचं धरलं, १,८७,०००. भाडेकरू गेला की रंग, साफसफाई, नवी माणसं घर बघून जाणार. महिना सहज जातो. एजंटला दर वेळी एक भाडं द्यावं लागतं. भाडेकरू दोन करार टिकेल असं मानून वर्षाला ८,५०० धरले.

सोसायटीचं बिल मागवलं. दरमहा २,५००, म्हणजे वर्षाला ३०,०००. फ्लॅट रिकामा असला तरी भरायचेच. विकणारा स्वतः राहत असल्यामुळे बिलात बिनभोगवटा शुल्काची, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी लावते त्या शुल्काची, ओळच नव्हती. बिलातलं सेवाशुल्क २,०००, त्याच्या १० टक्के म्हणजे महिना २००, वर्षाचे २,४००. (काही सोसायट्या मनाला येईल तो आकडा लावतात, १० टक्क्यांच्या वर द्यायचं कारण नाही.) मिळकतकराची पावती ६,६०० ची, पण ती मालक स्वतः राहतो म्हणून मिळणारी ४० टक्के सवलत वजा जाऊन. भाड्याने दिला की ११,०००. रंग, नळ, गीझर यांना १२,०००.

खर्च ६३,९००. हातात १,२३,१००, महिना जेमतेम सव्वादहा हजार. हप्ता भरायला खिशातून २१,००० घालावे लागणार.

"मग किती कर्ज झेपेल या भाड्यात?" हा प्रश्न मात्र नेमका होता. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांना लाखामागे ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे हातात येणाऱ्या सव्वादहा हजारांत ११.८ लाख.

१७,००० हा आकडाही एजंटनेच सांगितलेला. त्याच मजल्यावर तेवढाच फ्लॅट भाड्याने दिलेला होता, त्याचा नोंदणी केलेला करार बघून या म्हटलं. चार दिवसांनी फोटो आला. भाडं १५,५००.