फरशीखालची ऊब आणि छपरावरचे ऊन

म्युनिकजवळच्या आमच्या घरात फरशीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या आहेत. हीट पंपाशी, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या विजेच्या यंत्राशी, त्यांचे उत्तम जुळते, कारण सबंध जमीनच तापत असल्यामुळे पाणी ३५ अंशांपर्यंत तापवले तरी पुरते. खोली तापवणाऱ्या, गरम पाण्याच्या जुन्या धातूच्या रेडिएटरांना बहुधा ५५ अंश किंवा त्याहून अधिक लागते. बाहेरची हवा आणि हे पाणी यांच्या तापमानातील अंतर जितके कमी, तितकी पंपाला वीज कमी लागते आणि एका युनिट विजेत चार युनिटांच्या आसपास उष्णता मिळू शकते.

पंपाला वीज पुरवणाऱ्या छपरावरच्या सौर पॅनेलांचे गणित एवढे सरळ नाही. डिसेंबरात, म्हणजे ऊब सर्वाधिक हवी असते तेव्हाच, त्यांचे उत्पादन जूनच्या सुमारे पाचव्या हिश्शावर येते, आणि बर्फ साचला की तेवढेही नाही. त्यामुळे ‘वर्षभर फुकट ऊब’ ही विक्रेत्यांची भाषा मला पटत नाही. खरा लाभ मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबरात दिसतो. नळ्यांना झाकणारा सहा-सात सेंटिमीटरांचा सिमेंटचा थर दुपारच्या सौर विजेवर एखादा अंश जास्त तापवून ठेवला, की रात्री उशिरापर्यंत पंप बंद राहिला तरी पाय गारठत नाहीत, आणि महागड्या बॅटरीचे थोडेफार काम हा थरच उरकतो. त्यावर जाड गालिचा मात्र अंथरू नये.