वारीच्या वाटेवरचे दाखले

बारा वर्षांचा येशू हरवतो ती गोष्ट मला संडे स्कूलपासून पटत नव्हती. मरीया आणि योसेफ वल्हांडणाच्या यहुदी सणाला यरुशलेमेला जातात, सण आटोपून परत निघतात, आणि दिवसभराची वाट चालून झाल्यावर त्यांच्या लक्षात येतं की पोरगा बरोबर नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात आहे हे. अख्खा दिवस? आणि आईला पत्ता नाही? आमच्या बाई म्हणायच्या, बरोबर नातेवाईक असतील, ओळखीपाळखीचे असतील. मी मान हलवायचे, पण मनातून मरीयेवर थोडी रागावलेलीच असायचे.

पंढरीच्या वारीत लोणंदहून तरडगावला चालताना तो राग गेला. आमच्या दिंडीत एक पोरगा आजीबरोबर आला होता. सकाळी तो पताकावाल्यांत दिसला, मग टाळकऱ्यांत, मग दिसेनासा झाला. आजीला विचारलं तर म्हणाली, "आसंल की म्होरं. न्हाईतर ट्रकात बसला आसंल. जातोय कुठं!" चांदोबाच्या लिंबाला माउलींचं पहिलं उभं रिंगण होतं. तिथं तर स्वतःचा हातही शोधावा लागेल अशी गर्दी. रिंगण झालं, चाल पुन्हा सुरू झाली, आजी शेजारणीशी सुनेबद्दल बोलत निवांत चालत होती. पोरगा नाही हे तिला तळावर पोहोचून पाठ टेकल्यावर कळलं. वारीत पोर कुणा एकाचं नसतंच. ते कुणाच्या तरी बरोबर असणार, हे इतकं गृहीत असतं की शोधायचं कुणाला सुचत नाही.

संध्याकाळी समाजआरतीला त्याचं नाव पुकारलं. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळांचा गजर चालू असतो. चोपदार हातातला चोप उंचावतात आणि तो सगळा गजर एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, मग तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. त्यानंतर हरवलं-सापडलं. कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाची म्हातारी. आमचा पोरगा मागच्या एका दिंडीत पखवाज वाजवणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलेला सापडला. आजीनं आधी एक धपाटा घातला आणि मग त्याला पोटाशी धरलं. तो वैतागून म्हणाला, "मी हितंच व्हतो की! तू कशाला हुडकत बसलीस?" यरुशलेमेच्या मंदिरात सापडलेल्या बारा वर्षांच्या येशूनंही आईला जवळपास हेच विचारलं होतं.

मी ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातल्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेली. आमच्या उपासनेत पेटी असते, टाळ असतात आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं असतात. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंगाचा ठेका काही सोडला नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. त्या सेतूवर उलट्या दिशेनं थोडं चालून पाहावं, असं बरीच वर्षं मनात होतं. मंडळीत यावर दोन मतं पडली. एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. दुसऱ्यांनी पायाला लावायचं मलम दिलं. मूर्तीपुढं हात जोडणं मला जमणार नव्हतं, आणि दिंडीच्या चालक महाराजांना मी ते आधीच सांगून टाकलं होतं. ते म्हणाले, "चालायला येताय ना? मग जेवणखर्चाची भिशी भरा आणि पहाटे तीनला उठा." याहून जास्त धर्मचर्चा आमच्यात झाली नाही.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांब, त्यात दिवे घाट. घाटात रथाला जास्तीच्या बैलजोड्या जुंपतात. 'मी आपले डोळे पर्वतांकडे लावतो' हे १२१वं स्तोत्र मला पाठ आहे. १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं यरुशलेमेला चढून जाणारे यात्रेकरू वाटेत म्हणत असत, हेही ठाऊक होतं. पण ती दम लागलेल्या माणसाची स्तोत्रं आहेत, म्हणून आखूड आहेत, हे घाटात कळलं. एक ओळ म्हणायची, श्वास घ्यायचा, पुढची ओळ. लांबलचक स्तोत्र तिथं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही.

घाटातच काकांची गाठ पडली. परभणीकडचे शेतकरी, आमच्याच दिंडीतले, पण तोवर नुसतं हसण्यापुरती ओळख होती. बैलांकडे बघत ते म्हणाले, "ताई, नवा गोऱ्हा असला की त्याला जुन्या बैलाशेजारी जुंपतेत. वढायचं काम जुनाच करतो. नव्यानं नुसती चाल शिकायची." मत्तयच्या अकराव्या अध्यायात 'माझे जू आपणांवर घ्या' याच्या लगेच पुढे 'माझ्यापासून शिका' असं आहे. तेवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी प्रवचनं ऐकली आहेत. एकातही गोऱ्हा नव्हता.

मग मी काकांना सोडलंच नाही. त्या वर्षी आषाढी जुलैच्या मध्यात आली होती, त्यामुळे बहुतेकांची पेरणी उरकली होती. काकांनी सोयाबीन पेरून आळंदी गाठलेली. रोज संध्याकाळी मुलाला फोन असायचा. पाऊस किती झाला, ओल कुठवर गेली, पाखरं बसतात का. पेरण्याआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो हे त्यांनी मला दोनदा बजावलं, जणू मीच घाई करणार होते. त्यांचा झाला होता, पण जेमतेम. पुढचा आला नाही तर दुबार पेरणी.

फलटण सोडून बरडच्या वाटेवर कुणाचा तरी पेरणीचा ट्रॅक्टर वळला असावा. डांबराच्या कडेला मूठभर सोयाबीन सांडलं होतं. आदल्या रात्रीच्या सरीनं दाणे टम्म फुगलेले. काका वाकले, एक दाणा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. साल फाटून पांढरा कोंब बाहेर आला होता, डांबरावर टेकून आडवा वळला होता आणि पुन्हा खाली जायला बघत होता. दुसरा दाणा उचलायला जावं तर तिथं एक साळुंकी आमच्या पायांना न जुमानता वेचत होती. मी त्यांना पेरणाऱ्याचा दाखला सांगितला. दाखला म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा. काही बी वाटेवर पडलं ते पाखरांनी खाल्लं, काही खडकाळीवर, काही काटेरी झुडपांत, आणि काही चांगल्या जमिनीत पडलं त्याला तीसपट, साठपट, शंभरपट पीक आलं.

काका थांबले. "हा पेरणारा कोण?"

"देव म्हणा. किंवा त्याचं वचन सांगणारा."

"मग त्याला पेरता येत नाही."

मी हसले, पण ते गंभीर होते. चाड्यावर मूठ धरणारा माणूस एक दाणा वाटेवर पडू देत नाही, त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर पाभर, म्हणजे पेरणीचं बैलांचं अवजार, हाकली, असं काय काय ते सांगू लागले. तिकडे पाभर नव्हती, मुठीनं फोकून पेरायचे, असं मी म्हटल्यावर जरा शांत झाले. "फोकून पेरलं तर बी लई लागतंय." बरंच अंतर गप्प चालले. मग म्हणाले, "म्हंजी त्याच्याकडं बी लई असणार. वाटंवर टाकलं तरी त्याला वाटंना की वाया चाललं." देवाच्या कृपेवर इतकं नेमकं बोलणारा माणूस मला पाळकांच्या शिबिरातही भेटलेला नाही, आणि काका तर फक्त बियाण्याचा हिशेब करत होते.

हिशेब पुढेही चालू राहिला. सोयाबीन एकरी तीस किलो लागतं. नऊ क्विंटल झालं तर तीसपट. "हे आमचं चांगलं साल." ज्वारीचं म्हणाल तर एकरी चारेक किलो बियाण्यात पाच क्विंटल म्हणजे शंभराच्या वर, त्यात नवल नाही. गहू? गव्हाला एकरी चाळीस किलो बी, शंभरपट म्हणजे चाळीस क्विंटल. "कुणी काढलंय हो एवढं?" आणि तिथल्या माणसांचं मुख्य पीक गहू नि जवच. दोन हजार वर्षांपूर्वी गालीलच्या किनाऱ्यावर ऐकणाऱ्यांनीही मनातल्या मनात हा आकडा मांडून पाहिला असेल आणि एकमेकांकडे बघितलं असेल. बाकावर बसून ऐकताना मला शंभरपट म्हणजे नुसतं 'भरपूर' वाटायचं.

त्याच रात्री मी त्यांना मार्कमधला छोटा दाखला सांगितला. बाकीच्या तिन्ही शुभवर्तमानांत तो नाही. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. जमीन आपोआप पीक देते: आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. हा त्यांना पहिल्या झटक्यात पटला. "हे खरंय. न्हाईतर आम्ही वारीला आलोच नसतो." मग फोन काढून, पाऊस नाही असं ऐकून, कूस बदलून झोपले. मला वाटलं होतं काळजीनं जागतील. पाच मिनिटांत घोरायला लागले. त्या घोरण्याला मी श्रद्धा म्हणावं की दिवसभराच्या चालीचा शीण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल.

नातेपुत्यात आमच्या राहुटीत एका मावशींचं चांदीचं जोडवं हरवलं. एकाच पायातलं. समाजआरतीत पुकारून झालं, काही उपयोग झाला नाही. मावशींनी मोबाईलचा टॉर्च लावला, आम्हा सगळ्यांना उठवलं, वळकट्या उलगडायला लावल्या, खराटा मागून आणला आणि ताडपत्री झाडायला घेतली. लूकच्या पंधराव्या अध्यायातली बाई दिवा लावून, घर झाडून हरवलेलं नाणं शोधते. चित्रांत ती फार शांत आणि प्रेमळ दिसते. मावशी शांत नव्हत्या. त्यांनी प्रत्येकीवर संशय घेतला, एकीला उशी फाडून दाखव म्हणाल्या, आणि शेवटी जोडवं ताडपत्रीच्या दुमडीत सापडल्यावर मध्यरात्री ओरडून शेजारच्या दोन राहुट्या जाग्या केल्या. मग सगळ्यांना चहा. त्या वेळी! दुधासकट सगळा खर्च त्यांचा. कुणीतरी म्हणालं, "अगं, जोडव्यापेक्षा चहाच महाग पडला." मावशी म्हणाल्या, "पडू दे." नाणं सापडलेली बाईही मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते. तिथं चहाचा उल्लेख नाही, पण काहीतरी केलं असणारच.

मेंढपाळ या पट्ट्यात जागोजागी दिसतात. त्यांच्याबद्दल लिहायचा मोह आवरते, कारण ख्रिस्ती माणसाला मेंढरू दिसलं की प्रवचन सुचतं आणि ते सगळ्यांना आधीच माहीत असतं.

वेळापूरच्या अलीकडे धावा होतो. तुकोबांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आठवण सांगतात. म्हणून उताराला सगळे पळतात. म्हातारी माणसंसुद्धा लुगड्या-धोतराचे सोगे धरून पळतात. मीही पळाले, पळता पळता हसायला आलं आणि मग रडायला. घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मात्र पळतो तो बाप. मुलगा अजून दूर असतानाच त्याला पाहून म्हातारा धावत जातो आणि गळ्यात पडतो. हा फरक मला बारीक वाटत नाही. माझ्या विश्वासाचा सगळा जोर त्या पळणाऱ्या बापावर आहे. पण घरी परतणाऱ्या मुलाच्या पायांतही थोडी घाई असावी, एवढं त्या उतारावरून मी मान्य करून टाकलं. काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, दोघंही पळाले तर लवकर भेट होईल. त्यांना माझा ईश्वरविज्ञानाचा मुद्दा कळला नाही, किंवा माझ्याहून जास्त कळला.

वाखरीला मी निरोप घेतला. पुढे दर्शनाची रांग होती, ती माझी नव्हती, आणि तसं न बोलताही सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींनी साखरफुटाण्याची पुडी हातात कोंबली. काकांनी नंबर घेतला आणि विचारलं, अजून शेतीचं काय आहे तुमच्या पुस्तकात? बस सुटायची घाई होती म्हणून मी निदणाचा दाखला आखडून सांगितला: गव्हात निदण, म्हणजे तण, उगवतं, चाकर म्हणतात उपटू का, मालक म्हणतो नको, त्याबरोबर गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. काकांनी तोंड वाकडं केलं. मी सांगू लागले की ते निदण ओंबी येईपर्यंत हुबेहूब गव्हासारखं दिसतं. ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

पंधरवड्यानं मीच फोन केला. पाऊस उशिरा का होईना पण आला होता. बांधाकडच्या चार ओळी गेल्या, तिथं तूर टाकली. बाकीचं बरं उगवलं. मी म्हटलं, देवाची कृपा. ते म्हणाले, "व्हय व्हय. पण ताई, ते गवत कापणीपर्यंत ठेवायचं म्हणालात ना, ते काय मला पटलं न्हाई. पुढच्या वारीत बोलू. आता ठेवा, खुरपायला बाया आल्यात."