घराखालची जागा

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात, आमच्या रॉकहॅम्प्टन गावात घराची जाहिरात बघितली की आधी तीन आकडे दिसतात: बेडरूम किती, बाथरूम किती, गाड्या किती. गावातल्या वॉन्डल भागातल्या आमच्या भाड्याच्या घरात आम्ही जिथे सगळ्यात जास्त बसतो, ती जागा या तिन्हींत मोजलेलीच नाही. ती घराखाली आहे.

घर जुन्या क्वीन्सलँडर पद्धतीचं. लाकडी भिंती, वर पन्हळी पत्रा, पुढे व्हरांडा आणि हा सगळा डोलारा माणसापेक्षा उंच खांबांवर. खांब कशासाठी, हे विचाराल तितक्यांकडून वेगळं ऐकाल. खालून वारा खेळतो, उतारावरची जमीन सपाट करावी लागत नाही. कुणी पुराचं कारण सांगतं, आणि इथल्या फिट्झरॉय नदीचा लौकिक पाहता तेही पटतं: १९१८ साली ती १०.११ मीटरपर्यंत चढली होती, २०११ च्या जानेवारीत ९.२ मीटरपर्यंत. डेपो हिलसारख्या सखल वस्तीत पाणी शिरलं होतं.

मला आवडतं ते वाळवीचं कारण. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर पत्र्याची उलटी थाळी बसवलेली असते, कडा बाहेर काढून खाली वाकवलेल्या. वाळवी त्याने अडतेच असं नाही. पण लाकडाच्या आतून गुपचूप वर जायची सोय संपते. तिला त्या कडेवरून मातीचा बोगदा बांधत जावं लागतं आणि तो आपल्याला दिसतो. टॉर्च घेऊन अधूनमधून खाली एक फेरी मारायची, बस.

सासूबाई रत्नागिरीहून आल्या तेव्हा जिना चढायच्या आधी त्या खालीच एक चक्कर मारून आल्या. "एवढी जागा मोकळी टाकलीय होय गं?" दुसऱ्या दिवशी त्यांची खुर्ची खाली आली, मग विळी, मग शेंगा सोलायचं सूप. वॉशिंग मशीन तिथेच होतं. पावसात कपडे वाळवायला दोऱ्या बांधलेल्या बघून तर त्या एकदम घरच्याच झाल्या. डिसेंबरात दुपारी पत्रा तापला की आम्हीही खाली. वरच्या फळ्यांमध्ये फटी आहेत. हॉलमध्ये कुणी केर काढला की आमच्या डोक्यावर बारीक धूळ येते, आणि कोण चाललंय ते पावलांवरून कळतं.

रात्री दिव्याखाली केन टोड जमतात. उसाची कीड खातील म्हणून १९३५ साली क्वीन्सलँडमध्ये आणलेले हे बेडूक; कीड राहिली बाजूला, तेच सगळीकडे पसरले. सासूबाई त्यांना झाडूने बाहेर काढतात, ते परत येतात. दोन्ही बाजूंना कंटाळा नाही.

शेजाऱ्यांनी मात्र घर जॅकवर उचलून आणखी उंच केलं आणि खाली भिंती घालून खोल्या काढल्या. जाहिरातीतला बेडरूमचा आकडा वाढला म्हणजे किंमत वाढते, हिशोब सरळ आहे. खोल्या छान झाल्यात, एसी आहे, फरशी गुळगुळीत आहे. फक्त त्यांच्या पोरांच्या सायकली हल्ली आमच्या खांबांना टेकलेल्या असतात, आणि पाऊस लागला की त्यांची आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन सासूबाईंना खुणेनेच विचारते, दोरी रिकामी आहे का.