तुम्ही विचारलंत म्हणून: इग्वासूला कधी जावं?

अर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा बघून आल्यापासून भेटेल तो विचारतो, "इग्वासूच्या धबधब्याला कोणत्या महिन्यात जावं?" एप्रिल-मे किंवा ऑगस्ट-सप्टेंबर, असं सांगून मोकळं होता येतं. उकाडा बेताचा असतो आणि जानेवारी-जुलैच्या सुट्ट्यांची झुंबडही टळते. पण खरं विचाराल तर तिकडे महिन्यापेक्षा पाण्याची चौकशी जास्त करावी लागते. आणि एकच पाऊस तीन ठिकाणी तीन तऱ्हा दाखवतो.

इग्वासू नदीत एरवी सेकंदाला साधारण १५०० घनमीटर पाणी असतं. जून २०१४ च्या पुरात ते ४५ हजारांच्या आसपास गेलं होतं. असा पूर आला की पावणेतीन किलोमीटरचा कडा गढूळ, तांबडा होऊन नुसता गर्जत असतो. पण ज्यासाठी एवढा प्रवास केला, ती 'गार्गांता देल दियाब्लो' या तिथल्या सगळ्यात मोठ्या धबधब्याची, म्हणजे सैतानाच्या घशाची, पाण्यावरची वाट नेमकी तेव्हाच बंद असते. ऑक्टोबर २०२३ च्या पुरात तर तिची मोडतोडच झाली. पाणी बेताचं असलं की काळा कातळ उघडा पडतो आणि धबधब्याआड घरटी करणाऱ्या पाकोळ्या भरधाव येऊन पाण्यात घुसतात, दिसेनाशा होतात. मला हेच इग्वासू जास्त आवडतं. भरलेलं पात्र बघायचा हट्ट मी तरी धरणार नाही.

इग्वासूच्याच मिसिओनेस प्रांतात, उरुग्वाय नदीवर, मोकोना धबधबा आहे. इथे नदी पुढे झेपावत नाही, स्वतःच्याच पात्रातल्या अरुंद घळीत कुशीवरून कोसळते. त्यामुळे धबधबा नदीला समांतर, जवळजवळ ३ किलोमीटर लांब. जोराचा पाऊस झाला की घळ काठोकाठ भरते आणि धबधबा चक्क गायब! म्हणून एल सोबेर्बिओ गावातून पुढे निघण्याआधी नदीची पातळी विचारून घ्या.

दक्षिणेला कोरिएन्तेस प्रांतात इबेराची पाणथळ आहे, सुमारे १३ हजार चौरस किलोमीटरची. वेळ कमी असेल तर इग्वासूचा एक दिवस कापा, पण इथे याच. एवढ्या पाण्याला पोसणारी मोठी नदी एकही नाही, सगळी भिस्त पावसावर. २०२२ च्या दुष्काळात इथे वणवे पेटले होते. नावाडी मोटर बंद करून लांब काठीने बोट रेटतो, तेव्हा खरी गंमत सुरू होते. काठाची जमीन वाटते ती जमीन नसतेच. मुळं आणि कुजका पाला यांचा तो तरंगता थर असतो, त्याला 'एम्बाल्सादो' म्हणतात. त्यावर पाय दिला की चार हातांवरचं झुडूपही डोलतं. पाणथळीतलं हरीण मात्र त्यावर आरामात चरतं. त्याचे खूर फाकतात आणि मधे पडदा असतो, म्हणून ते रुतत नाही. शेजारी उंदराच्या कुळातले मोठे कापिबारा आणि केमन मगरी ऊन खात पडलेल्या. २०२१ पासून इथे जग्वारही पुन्हा सोडलेत, पण ते दिसतील या आशेवर येऊ नका.

मर्सेदेस शहराहून कोलोनिया कार्लोस पेलेग्रिनी हे इबेराकाठचं गाव साधारण १२० किलोमीटर. वाटेतल्या कच्च्या रस्त्याचा पावसानंतर नुसता राडा होतो. अशा वेळी मर्सेदेसलाच रात्र काढा. सकाळी गाडीवाला "आज नको" म्हणाला, तर जास्त पैसे देतो म्हणून त्याच्या मागे लागू नका.