जिथे अडतं तेवढंच

नवीन गिटार घेतलेला माणूस रोज काय वाजवतो माहितीये? जे येतं ते. सी कॉर्डवरून (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे काही सूर) जी, जीवरून परत सी, मस्त चाललंय, घरातले पण माना डोलावतायत, आणि एफ आला की बोटं अडखळतात, मग तेवढा भाग कसाबसा ढकलायचा आणि परत आपल्या लाडक्या सीवर यायचं. तासभर झाला, स्वारी खुश, प्रॅक्टिस झाली. माझं स्पष्ट मत आहे की ही प्रॅक्टिस नाहीच, करमणूक आहे. करमणूक जरूर करा हो, पण मग 'एफ काही बसतच नाही' म्हणून रडायचं नाही.

पटकन शिकायचं असेल तर बाकी गाणं बाजूला ठेवून फक्त सी ते एफ पकडायचं. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं, एकेक तार छेडून बघायची, कुठली मुकी राहतेय, मनगट जरा फिरवायचं, परत उचलायचं, परत ठेवायचं, आणि हे सगळं इतकं हळू की ऐकणाऱ्याला जांभई यावी. मजा शून्य. पंधरा-वीस मिनिटांत डोकं शिणतं, तेव्हा सरळ थांबायचं आणि उद्या परत बसायचं. रविवारी एकदम चार तास बसणाऱ्यापेक्षा रोज थोडं थोडं करणाऱ्याचा हात लवकर बसतो.

आता कोणीतरी 'कशातही उस्ताद व्हायला दहा हजार तास सराव लागतो' हे काढणारच. तो आकडा आला १९९३ च्या एका अभ्यासातून, अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिनचे विद्यार्थी तपासले होते. विसाव्या वर्षापर्यंत अव्वल पोरांची ती सरासरी होती, म्हणजे त्यातले बरेचजण तिथवर पोचलेही नव्हते, आणि गोष्ट चालली होती जगात नाव काढण्याची, मित्रांमध्ये दोन गाणी वाजवण्याची नाही. मला त्यातलं आवडलेलं वेगळंच आहे, ही अव्वल मंडळी मागे पडलेल्यांपेक्षा जास्त झोपायची, दुपारची डुलकीसुद्धा काढायची. (हे घरी वाचून दाखवायला हरकत नाही.)

याच एरिक्सनचा १९८० चा एक प्रयोग तर भारीच. एका विद्यार्थ्याला ऐकलेले आकडे ओळीने परत म्हणायला लावायचे. सुरुवातीला सातेक जमायचे, सराव करत करत गडी ७९ वर गेला! पळणारा होता, त्यामुळे आकड्यांचे गट करून शर्यतीच्या वेळा म्हणून डोक्यात ठेवायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर आला की परत सहावर. जेवढं घोटलं तेवढंच पक्कं, शेजारच्याला फुकटात काही मिळत नाही.

त्यामुळे डाव्या हाताचा एफ एकदाचा बसला तरी लगेच पार्टी देऊ नका, उजव्या हाताला यातलं काहीच कळलेलं नसतं, त्याचं स्ट्रमिंग (तालात तारा छेडणं) वेगळंच घोटून घ्यावं लागतं.