मीटिंग गावातल्याच कुणीतरी घ्यायची

एनएसएसचं, म्हणजे कॉलेज-शाळेतल्या मुलांच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर म्हणजे श्रमदान, प्रभातफेरी आणि ग्रुप फोटो एवढंच बऱ्याच लोकांना वाटतं, पण १९६९ पासून चालू असलेल्या ह्या योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं आणि माझ्या मते खरी लीडरशिप त्या बाकीच्या तासांतच तयार होते. इंदूरजवळच्या गावांत जातो तेव्हा माझा एकच हट्ट, मीटिंग आपण घ्यायची नाही. परवा बारावीतल्या एका मुलीच्या हातात रजिस्टर दिलं, विषय हँडपंपाजवळच्या चिखलाचा. आधी आवाजच फुटेना, मग तिने मागे बसलेल्या काकूंना सरळ तिथल्या माळवी बोलीत विचारलं की पाणी कुठं तुंबतं, आणि काकूंनी उठून काठीने जमिनीवर नालीच आखून दाखवली! मग काय, सगळेच बोलायला लागले, कोण फावडं आणणार, कोण कधी येणार, तिने नावानिशी लिहून घेतलं आणि शेवटी मोठ्यानं वाचून दाखवलं. हे वाचून दाखवणं फार महत्त्वाचं आहे हां, त्याशिवाय जबाबदारी कुणी अंगावर घेत नाही.

मोठ्यांचं वेगळं असतं. मध्य प्रदेशात पंचायतीत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, तरी कितीतरी ठिकाणी सही बाईची आणि बोलणं नवऱ्याचं, बघून जीव तुटतो. ह्या बायकांना भाषण नका शिकवू, आधी बजेटचा कागद वाचायला शिकवा, ग्रामसभेत प्रश्न कसा मांडायचा त्याची प्रॅक्टिस घ्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी आम्ही तेच करणार आहोत, कुणाला यायचं असेल तर जरूर या.