टाक्याचं अ‍ॅनिमेशन: फिरणारं थांबवल्यावर काय झालं

लॉकस्टिचच्या, म्हणजे शिलाई मशीनच्या दोन दोऱ्यांच्या टाक्याच्या, अ‍ॅनिमेशनची पहिली आवृत्ती मी मुद्दाम सलग ठेवली होती. सुई खटाखट वर-खाली, हुक गोल फिरतोय, कापड पुढे सरकतंय, मागे हलकं संगीत. दाखवलं की सगळे म्हणायचे, ‘भारी झालंय’. मग वहीचं कोरं पान पुढे करून ‘आता टाका कसा बसतो ते काढून दाखवा’ म्हटलं की हात थांबायचा. सुई निघायची, बॉबिन (खालच्या दोऱ्याचं रीळ) निघायचं, दोन्ही दोऱ्यांची भेट मात्र कुणालाच काढता यायची नाही. आता जी आवृत्ती उभी राहतेय, ती या कोऱ्या पानाला उत्तर म्हणून.

ज्यांनी मशीन उघडून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी मामला सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच बेतलेत. मशीनच्या सुईचं नेढं टोकाशी असतं. वरचा दोरा घेऊन सुई कापडातून खाली जाते, तळ गाठते आणि तिथून साधारण दोन-अडीच मिलिमीटर वर येते. खरी गंमत या एवढ्याशा वर येण्यात आहे. सुईच्या एका बाजूला लांब खोबण असते. त्या बाजूचा दोरा खोबणीत लपून सुईबरोबर मुकाट वर सरकतो. दुसऱ्या बाजूचा दोरा कापडाला घासतो, अडतो, वर जाता येत नाही म्हणून बाहेर फुगतो आणि छोटा फास तयार होतो. नेमकं त्याच वेळी हुकचं, म्हणजे कापडाखाली फिरणाऱ्या टोकदार भागाचं, टोक सुईला चाटून जातं, फासात शिरतं, तो ओढून मोठा करतं आणि अख्ख्या बॉबिन केसभोवती (बॉबिन ठेवायच्या डबीभोवती) फिरवतं. मग फास हुकवरून निसटतो, वरचा लिव्हर जादा दोरा खेचून घेतो आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांना अडकून बसतात.

चालू मशीनच्या वेगात हे डोळ्याला दिसणं शक्यच नाही. अ‍ॅनिमेशनमध्ये वेग कमी केला तरी एक अडचण उरतेच: फास फुगताना दिसला तोवर हुक पुढे गेलेला असतो, आणि हुककडे नजर वळवली तोवर फास मोठा झालेला असतो. पडद्यावरून गेलेलं चित्र डोक्यात धरून ठेवायचं आणि नवीन चित्रही बघायचं, अशी दुहेरी कामगिरी बघणाऱ्यावर पडते. जॉन स्वेलर यांनी १९८०च्या दशकात मांडलेला आकलनावरील ताणाचा सिद्धांत याच जागी बोट ठेवतो. कार्यकारी स्मृतीत एका वेळी फार थोड्या गोष्टी मावतात. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६चा ‘सात, दोन इकडे-तिकडे’ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. माझ्या पडद्यावर एकाच वेळी सुई, वरचा दोरा, हुक, बॉबिन, खालचा दोरा, कापड आणि लिव्हर हलत होते.

हलतं चित्र म्हणजे आपोआप चांगलं शिकवणारं चित्र, ही समजूत शिकवणारी चित्रं करणाऱ्या आपल्या मंडळींत फार घट्ट आहे. रिचर्ड मेयर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये निवेदनासह अ‍ॅनिमेशन आणि मजकुरासह छापील स्थिर चित्रं यांची तुलना केली. विषय होते आकाशातली वीज, फ्लशची टाकी, समुद्राच्या लाटा आणि गाडीचे ब्रेक. एकाही तुलनेत अ‍ॅनिमेशन पाहणारे पुढे नव्हते, उलट काहींत चित्रं पाहणारेच सरस ठरले. बार्बरा ट्वेर्स्की यांच्या गटाने २००२ मध्ये हेच वेगळ्या अंगाने मांडलं होतं: हालचाल इतकी संथ आणि स्पष्ट हवी की बघणाऱ्याला ती टिपता आली पाहिजे. हे वाचून अ‍ॅनिमेशन सोडून द्यावंसं वाटलं नाही, पण ते कुठे थांबतं याला मी हलण्याइतकंच महत्त्व द्यायला लागले.

तर आता पाच थांबे आहेत. सुई तळाला. सुई किंचित वर, फास फुगलेला. हुकचं टोक फासात. फास बॉबिन केसच्या अर्ध्यावर. लिव्हर वर, टाका घट्ट. प्रत्येक थांब्यावर चित्र गोठतं आणि ‘पुढे’ दाबल्याशिवाय हलत नाही. मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१ मध्ये विजेच्या अ‍ॅनिमेशनचे तुकडे करून पुढचा तुकडा कधी सुरू करायचा हे शिकणाऱ्याच्या हाती दिलं होतं, आणि शिकलेलं नव्या प्रश्नाला लावण्यात ती मंडळी सलग बघणाऱ्यांपेक्षा पुढे होती. ‘मागे’चं बटण मी माझ्या मनानं जोडलं. लोक ते ‘पुढे’पेक्षा जास्त दाबतात, विशेषतः दुसऱ्या आणि तिसऱ्या थांब्याच्या मध्ये, म्हणजे जिथे अडायचं तिथेच अडतात.

नावं कुठे लिहायची यावर बराच वेळ गेला. भागांना आकडे द्यायचे आणि खाली यादी लावायची, ही तांत्रिक पुस्तकांतली जुनी पद्धत. चित्र स्वच्छ दिसतं, पण नजर चित्र आणि यादी यांच्यात सारखी ये-जा करत राहते. चँडलर आणि स्वेलर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की अशा विभागलेल्या लक्षाची किंमत मोजावी लागते. म्हणून यादी काढली आणि नाव भागाला चिकटूनच ठेवलं, तेही त्या थांब्यावर लागतं तेवढंच. पहिल्या थांब्यावर ‘हुक’ लिहायची गरजच नाही.

इथे देवनागरीचा स्वतंत्र त्रास आहे, ज्यांनी केलंय त्यांना कळेल. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं ठीक दिसतं, पण तोच मजकूर काही व्हिडिओ सॉफ्टवेअरमध्ये नेला की ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला जाऊन लटकते आणि जोडाक्षरं सुटी होतात. ‘बॉबिन’ वाचवत नाही. मी आता मजकुराचं पाथमध्ये (अक्षरांच्या नुसत्या आकाररेषांमध्ये) रूपांतर करून मगच नेते, आणि बदलता येणारी मूळ प्रत वेगळ्या फाइलीत ठेवते. दुसरं म्हणजे ओळींमधलं अंतर. रोमन लिपीसाठी बेतलेलं अंतर तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांत घुसतात. छोट्या नावांसाठी मुक्ता ही टंकशैली वापरतेय, बारीक आकारातही तिचा काना आणि रेघ नीट सुटी दिसते.

रंगांचं थोडक्यात: वरचा दोरा नारिंगी, खालचा निळा, बाकी सगळं राखाडी. रंग नीट न ओळखणाऱ्यांसाठी खालचा दोरा तुटक रेघेचाही केलाय. अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट ४.५:१च्या खाली जाऊ दिलेला नाही, वेबच्या सुगम्यता मार्गदर्शिकेत साध्या मजकुरासाठी तेवढाच किमान सांगितलाय.

आवाजाबद्दल मात्र माझं मत पक्कं झालंय. संगीत गेलं. बोलून सांगायचं आणि तेच वाक्य पडद्यावर शब्दशः लिहायचंही, हे ऐकणाऱ्याला जड जातं, कारण डोळे चित्र सोडून वाचायला लागतात. दुसरीकडे, ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी मथळे (बोललेल्या वाक्यांच्या ओळी) हवेतच, त्यात तडजोड नाही. म्हणून मथळे आहेत, बटणानं चालू होतात, आणि चालू केले की चित्राच्या खालच्या काठाला न जाता हुकच्या शेजारच्या मोकळ्या जागेत येतात. निवेदन ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये थांब्यागणिक वेगळं रेकॉर्ड केलंय. सलग रेकॉर्ड केलं की चित्र आणि शब्द अर्ध्या-एक सेकंदानं मागे-पुढे होतात, आणि ‘हा बघा फास’ म्हणेपर्यंत फास गेलेला असतो. वाक्यंही बदलली. ‘सुई वर नेली जाते’च्या जागी ‘आता सुई जरा वर येऊ द्या’ आलं.

कापलेल्या गोष्टींत सगळ्यात जास्त जिवावर आलं ते इतिहासाचं. इलायस हॉव यांचं लॉकस्टिच मशीनचं पेटंट १८४६चं, अ‍ॅलन विल्सन यांचा फिरता हुक १८५१चा, आणि १८५०च्या दशकातली पेटंटची भांडणं. सुरेख चित्रं जमवली होती. पण शॅनन हार्प आणि मेयर यांनी १९९८ मध्ये विजेच्याच पाठात रंजक पण अवांतर तपशील घालून पाहिले, आणि वाचणाऱ्यांना मुख्य कारणमीमांसा कमी आठवली. असे तपशील सुरुवातीला घातले तर जास्तच मारक, कारण वाचणारा पुढचं सगळं त्याच धाग्यावर ओवायला लागतो. हॉव आता शेवटी, वेगळ्या पानावर. ज्याला हवं तो जाईल.

चाचणीतून दोन गोष्टी कळल्या. शिवणकाम करणाऱ्या शेजारच्या काकूंना पहिल्याच थांब्यावर कंटाळा आला. ‘अगं, हे माहितीये मला, पुढे ने ना.’ जाणकारांना नवशिक्यांसाठीची मदत आडवी येते, असं स्लाव्हा काल्युगा आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लिहिलंय ते खरंच. काकूंसाठी आता नावं लपवायचं बटण आहे, आणि ते लपवल्यावर त्या चौथ्या थांब्यावर खूप वेळ रेंगाळल्या. इतकी वर्षं शिवतायत, पण फास बॉबिन केसच्या मागूनही जातो हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

भाच्यानं मात्र सरळ मर्मावर बोट ठेवलं. ‘मावशी, दोरा पूर्ण फिरून येतो म्हणतेस, मग बॉबिन धरलंय कशानं? हवेत आहे का?’

जवळजवळ तसंच आहे. फिरत्या हुकच्या मशीनमध्ये बॉबिन केस आरपार आसावर बसवलेली नसते. ती हुकच्या आत नुसती ठेवलेली असते, आणि हुकबरोबर तिनं फिरू नये म्हणून एक छोटं बोट तिला अडवतं. त्या बोटापाशीही दोऱ्यापुरती फट सोडलेली असते, फास तिथून निसटून जातो. माझ्या चित्रात हे बोट नव्हतंच, कारण समोरून बघताना ते केसच्या मागे झाकलं जातं. चौथ्या थांब्यावर आता केस अर्धपारदर्शक होते आणि फटीवर एकच बाण येतो. पूर्ण फिरवता येणारं त्रिमितीय मॉडेल ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये करायचा मोह झाला होता, पण कोन निवडण्याचं काम बघणाऱ्यावर ढकलण्यापेक्षा तो मीच निवडलेला बरा.

भाच्याचा प्रश्न आता अ‍ॅनिमेशनचाच भाग झालाय. तिसऱ्या थांब्यानंतर चित्र थांबतं आणि विचारतं: बॉबिनमधून आरपार दांडा घातला तर टाका बसेल का? उत्तर मनाशी ठरवल्यावरच ‘पुढे’ उघडतं. शेवटी भागांची नावं विचारणारी प्रश्नावली होती, ती काढून टाकली. नावं आठवणं आणि समजणं यांत अंतर आहे. त्याऐवजी ‘सुई उलटी बसवली तर काय होईल?’ आणि ‘टाके सुटतायत, आधी काय तपासाल?’ असे प्रश्न ठेवलेत. उलट्या सुईचं उत्तर खोबण समजल्याशिवाय देताच येत नाही.

जाता जाता एक कुरकुर. ‘वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३०’ हा त्रिकोण कृपया कुणी मला पुन्हा पाठवू नका. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू मांडला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती, ती नंतर कुणीतरी चिकटवली.

बाकी आहे ते असं. फिरत्या हुकऐवजी मागे-पुढे झुलणारं शटल असलेल्या मशीनसाठी तिसरा आणि चौथा थांबा वेगळा काढावा लागणार, कारण फिरता हुक एका टाक्याला दोन फेऱ्या घेतो आणि शटल नुसतं जाऊन परत येतं. कापड सरकवणारे दाते मी सध्या पूर्ण लपवलेत. ते दाखवायचेच झाले तर पाचव्या थांब्यानंतर, दोरा घट्ट बसल्यावर.